आंबणीनं आणलेलं लेणं

आता ऐका. फार वर्षांपूर्वी, आंबणी नदीवर एकही पूल नव्हता आणि सातपुड्यातलं पाणी त्याच्या मनाला येईल तेव्हा खाली उतरायचं, तेव्हाची ही गोष्ट. जिथं डोंगर संपतात आणि काळी रानं सुरू होतात, तिथं नदीकाठी पिंपरवाळू नावाचं गाव होतं. त्या गावात चिंधामाय राहायची.

चिंधामाय झारेकरीण होती. सोनाराच्या दुकानातला केर गोळा करायचा, नदीवर न्यायचा, लाकडी पाटीत घालून पाण्याखाली हलवत बसायचं. माती वाहून जाते, सोन्याचा कण तळाला राहतो. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या सोन्याची धूळ धुतली, आणि तिच्या स्वतःच्या अंगावर गुंजभर चांदी नव्हती. पण दागिना हातात आला की ती तो आधी उलटा करायची. लोक नक्षी बघायचे, ती आतली बाजू बघायची. आतून बघून ती सांगायची, हा दागिना कुठल्या लोकांचा, तो घालणारी बाई कुठं राबली, काय वाहत होती. असं म्हणतात, की ती कधी चुकली नाही.

त्याच गावात कौतिक होता. कौतिक गावाचा जागल्या. राखण करायची आणि संशय घ्यायचा, ही त्याची चाकरी. कुत्रं भुंकलं तर का भुंकलं, नाही भुंकलं तर का नाही. पाहुणा आला तर कशाला आला. लोक म्हणायचे, कौतिक आपल्या सावलीलाही नावगाव विचारतो. चिंधामायवर तर त्याचा खास डोळा होता. सोन्याच्या धुळीत हात घालणारी बाई, आणि तिच्या घरात नुसती धूळच? हे त्याला कधी पटलं नाही.

एका वर्षी पोळ्याच्या तोंडावर आंबणीला पूर आला. असा पूर, की झाडं मुळांसकट उभीच्या उभी वाहत आली. सुपडू पाटलानं कौतिकला वरच्या बांधावर धाडलं. "बांध फुटला तर गाव जाईल. तिथून हलू नकोस," असं बजावलं. कौतिक भिजत बांधावर बसून राहिला. चिंधामाय केर आणायला शेजारगावी गेली होती, ती पुरानं तिकडंच अडकली. बाकी सगळं गाव नदीकाठी होतं.

पाणी उतरल्यावर तो खाली आला, तर चावडीत घोंगडीवर चांदीचा ढीग. गळ्यातल्या जाड सऱ्या होत्या, दंडातल्या वाक्या होत्या, पायातले तोडे होते, आणि तान्ह्या पोराच्या पायातला एक वाळा होता.

"कुठून आलं हे?" कौतिकनं विचारलं.

"वाळूत सापडलं," कोणीतरी म्हणालं.

"नदीनं दिलं," दुसरं म्हणालं.

सुपडू पाटील म्हणाला, "नदीचं ते देवीचं. वितळवू आणि देवीला मुखवटा करू."

याला कोण नाही म्हणणार? पण चिंधामाय गर्दीतून पुढं आली, ढिगापाशी बसली, आणि एकेक दागिना उचलून उलटा करू लागली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"याला मालक आहेत, पाटील," ती म्हणाली. "वर डोंगरात आहेत. दुसऱ्याच्या अंगावरचं लेणं वितळवून देवीच्या तोंडाला लावाल, तर देवी तोंड फिरवील."

लोक कुजबुजले. हिला पाहिजे असेल. जन्मभर कण वेचले, आता ढीग बघून नजर फिरली. कौतिकच्याही मनात तेच आलं.

पाटलानं सोनाराला भट्टी पेटवायला सांगितलं. चांदी वितळवायची मूस तापली, मूस लाल झाली, मूस पांढरी पडली. सोनार आणि त्याचा भाऊ आळीपाळीनं भाता ओढत राहिले. दिवस कलला तरी आत टाकलेली सरी जशीच्या तशी होती. तिच्यावरचं एक फूलही मऊ पडलं नाही, असं म्हणतात. सोनारानं हात जोडले आणि भट्टी विझवली.

मग गाव घाबरलं. चिंधामाय म्हणाली, "मला द्या. मी ज्याचं त्याला पोचवते."

नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. पण तिच्या हातात गाठोडं एकटीला द्यायचीही कोणाची तयारी नव्हती. पाटलानं कौतिकला बाजूला घेतलं.

"तू बरोबर जा. मालक भेटला नाही तर गाठोडं परत आण."

"आणि बाई?"

"गाठोडं परत आलं म्हणजे झालं," पाटील म्हणाला.

कौतिकला हे बोलणं ऐकून जरा विचित्र वाटलं. पण हुकूम तो हुकूम. त्यानं काठी उचलली आणि म्हातारीच्या मागं निघाला.

दोघं नदीच्या कडेकडेनं वर चालले. चिंधामाय पुढं, गाठोडं तिच्या पाठीवर, आणि मागून कौतिक तिच्या प्रत्येक पावलावर डोळा ठेवून. ती पाणी प्यायला वाकली तरी तो तिचे हात बघायचा.

पहिल्या मुक्कामाला नदीकाठी लमाणांचा तांडा उतरला होता. कौतिकला वाटलं, चला, सुटलो. लमाणांच्या बाया अंगभर चांदी घालतात. त्यांचंच असणार. तांड्यातल्या एका म्हातारीनं सरी हातात घेतली, वजन केलं आणि परत दिली.

"आमचं नाही," ती म्हणाली. "आमच्या बाया केसांत चांदी अडकवतात, गालांवर लोंबती. या ढिगात केसांचं काहीच नाही."

चिंधामायनं मान हलवली. तिला ते आधीच ठाऊक होतं.

"ठाऊक होतं तर विचारलंस कशाला?" कौतिक चिडला.

"तुला ऐकवायला," ती म्हणाली. "माझ्या तोंडचं तू खरं मानणार आहेस का?"

मग तिनं सरी त्याच्या हातात ठेवली. "आत बोट फिरव. कुठं झिजलीय?"

कौतिकनं बोट फिरवलं. मानेच्या मागची बाजू पातळ झाली होती, पुढची जाडच होती.

"आपल्याकडच्या बाया डोक्यावर वाहतात. त्यांची सरी अशी झिजत नाही. ही बाई पाठीवर ओझं घेऊन चढ चढायची. ओझ्याचा दोर मानेवर सरीला घासायचा. आणि ही नक्षी बघ. आपले सोनार ज्वारीचे दाणे काढतात. ही मोहाची फुलं आहेत. मोहाचं झाड कुठं असतं?"

मोह वर डोंगरात असतो, हे कौतिकलाही माहीत होतं. पण इतकं गोड बोलून पटवणारी माणसंच शेवटी फसवतात, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याला बोरअंबे नावाचं बाजारगाव लागलं. तिथं नथूशेट सोनाराचं जुनं दुकान होतं. चिंधामायनं त्याच्यापुढं एक वाकी ठेवली. नथूशेटनं ती उजेडात धरली आणि एकदम हसला.

"ही तर आमच्या घरची! हा ठसा माझ्या आजोबांचा."

कौतिकनं काठी जमिनीवर आपटली. "म्हणजे मालक हाच. संपलं. चल परत."

"घडवलं आमच्या घरात," नथूशेट म्हणाला, "पण आमच्या बायांनी असलं कधी घातलं नाही. वर आमलीपाडा आहे, नदी जिथं निघते तिथं. तिथले लोक बाजाराला उतरायचे, जमिनीवर काडीनं फुलं काढून दाखवायचे. आजोबा तशीच घडवायचे. हात आमचा होता खरा, पण मन त्यांचं." मग तो जरा पुढं सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पण तो पाडा तर पुरात गेला म्हणतात. कोण उरलंय, कोण नाही, देव जाणे. इथंच ठेवता का? तिघांत वाटून घेऊ."

कौतिकनं चिंधामायकडं बघितलं. आता कळेल, तो मनात म्हणाला.

चिंधामायनं वाकी उचलून गाठोड्यात टाकली. "शेट, घडवणाऱ्याचं लेणं नसतं. ज्याच्या अंगावर ते झिजतं, त्याचं असतं," ती म्हणाली, आणि दुकानाची पायरी उतरली.

कौतिकला वाटलं, बाई पक्की आहे. तिघांत कशाला वाटील? तिला सगळंच पाहिजे.

तिथून चढण लागली. आणि चढणीवर एक गोष्ट घडली. म्हातारी थकायच्या ऐवजी भराभर चालू लागली. सपाटीवर ती गाठोड्याखाली वाकून गेली होती. आता ती ताठ चालत होती, जणू पाठीवर कापसाची गाठडी आहे. कौतिकच्या मनात पाल चुकचुकली. ही वाटेत दागिने टाकतेय. झुडपात, दगडाखाली, परतताना उचलायला.

"थांब," तो ओरडला. "गाठोडं सोड."

चिंधामाय थांबली. एका सपाट दगडावर तिनं गाठोडं सोडलं. सऱ्या होत्या तेवढ्या होत्या, वाक्या होत्या तेवढ्या होत्या. कौतिकनं गाठोडं उचलून पाहिलं. एका बोटानं उचललं जाईल, इतकं ते हलकं झालं होतं. जसजसं घर जवळ येत होतं, तसतसं त्या चांदीचं वजन उतरत होतं, असं म्हणतात. मग तो तोडे मोजू लागला. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. तोडे मोजके होते आणि त्यातला एक कमी होता. आणि चिंधामायच्या कमरेला, लुगड्याच्या ओच्यात, काहीतरी गोल दिसत होतं.

"सापडलीस," कौतिक म्हणाला. "काढ ते."

म्हातारीनं ओचा सोडला. आतून एक तोडा निघाला. तिनं तो त्याच्या हातात दिला, आणि त्याच्याकडं न बघता नदीकडं बघत राहिली.

"उलटा कर," ती म्हणाली.

कौतिकनं उलटा केला. तोडा एका जागी तोडलेला होता. तोडल्याजागी चांदी नवी, चकचकीत होती. कडेला खोल घाव होता.

"हा पुरानं तुटला असेल," तो म्हणाला. "दगडावर आपटून."

"दगडानं चेपला असता. हा छिन्नीनं कापलाय." चिंधामाय सावकाश बोलत होती. "बाईचा पाय पाण्यानं सुजला होता. तोडा निघेना. म्हणून कापला."

कौतिकच्या हातात तोडा तसाच राहिला. "कोणी?"

"ते तू सांग. जागल्या तू आहेस. मला इतकंच ठाऊक, की वाळूत बाई सापडल्याचं गावात कोणी बोललं नाही. नुसती चांदी सापडली म्हणाले. मग बाई कुठं गेली?"

"हे चावडीत का नाही बोललीस?"

"बोलले असते, तर गाठोडं गावाबाहेर निघालं असतं का? आणि मी तरी निघाले असते का? म्हणून तोडा लपवला."

कौतिकला पाटलाचं बोलणं आठवलं. गाठोडं परत आलं म्हणजे झालं. तो दगडावर बसला. मग चिंधामायनं ढिगातून तो तान्ह्या पोराचा वाळा उचलला.

"वाळे जोडीनं असतात, कौतिकबा. याचा जोडीदार गावातच राहिलाय."

आणि कौतिकच्या डोळ्यांपुढं त्याच्या नातीचा पाय आला. गोरा, गुबगुबीत पाय, त्यात नवा वाळा, त्यावर मोहाचं फूल. सुनेनं सांगितलं होतं, माहेराहून आला. सावलीलाही नावगाव विचारणाऱ्या कौतिकनं त्या वाळ्याला एक प्रश्न विचारला नव्हता. गावभर बघितलं, आणि आपल्या उंबऱ्याच्या आत बघायचं राहिलं.

त्यानं तोडा परत चिंधामायच्या हातात दिला. ती पुढं झाली आणि तो तिच्या मागं निघाला. आता तो तिच्या हातांकडं बघत नव्हता. आता तो सारखा मागं वळून बघत होता, कोणी येतंय का म्हणून.

आमलीपाड्याच्या अर्ध्या झोपड्या नदीनं नेल्या होत्या. उरलेल्यांत माणसं चुपचाप बसली होती. दोघं खालचे परके आलेले बघून ती उठली. गाठोडं सुटलं, चांदी दिसली, आणि क्षणात दोघांच्या भोवती कडं झालं. पुरुषांच्या हातात कोयते होते. कौतिकनं आयुष्यभर दुसऱ्यांकडं ज्या नजरेनं पाहिलं होतं, तीच नजर आज चहूकडून त्याच्यावर रोखलेली होती.

पाड्याचा कारभारी बोंदर नावाचा उंच म्हातारा होता. तो म्हणाला, "आमच्या मेलेल्या बायांची चांदी तुमच्याकडं कशी?"

चिंधामाय खाली बसली आणि एकेक दागिना पुढं ठेवू लागली.

"ही डाव्या कडेवर पोर घ्यायची. डाव्या दंडातली वाकी जास्त झिजलीय. ही तरुण होती, सरी अजून नवी आहे. ही आजारी असायची, वाकीत आतून चिंध्या गुंडाळून ती घट्ट केलीय, दंड वाळला होता तिचा."

पहिल्यांदा एका म्हाताऱ्यानं हुंदका दिला. मग एक बाई पुढं आली आणि तिनं आपल्या बहिणीची वाकी उचलून छातीशी धरली. कडं सैल झालं. भुरली नावाची एक म्हातारी पुढं आली. तिची लेक आणि तान्ही नात दोघी पुरात गेल्या होत्या. तिनं तो एक वाळा उचलला. आणि मग तिच्या हाताला तो कापलेला तोडा लागला.

भुरलीनं तोडा कारभाऱ्यापुढं धरला. बोंदरनं घावावरून बोट फिरवलं.

"हा कोणी कापला?"

म्हातारीला विचारलं नाही त्यानं. काठीवाल्याला विचारलं. कौतिकला वाटलं, म्हणावं, दगडावर तुटला. तोंडापर्यंत आलं होतं. त्यानं चिंधामायकडं बघितलं. ती काहीच खुणावत नव्हती.

"आमच्या गावानं," कौतिक म्हणाला. "कोणाच्या हातानं ते ठाऊक नाही. शोधतो आणि परत येतो."

"खालचा माणूस परत येत नाही," बोंदर म्हणाला.

तेव्हा चिंधामायनं आपली लाकडी पाटी भुरलीच्या झोपडीच्या दारात ठेवली. "हा येईस्तोवर मी इथं बसते," ती म्हणाली.

कौतिक एकटा खाली उतरला. वेशीवर सुपडू पाटील उभाच होता.

"गाठोडं?"

"मालकांना दिलं."

"आणि बाई?"

"ओलीस आहे. ज्यानं तोडा कापला, तो हात पाहिजे त्यांना."

पाटलानं कौतिकच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हातारी बाई. आज ना उद्या जायचीच. कशाला जुनं उकरतोस?"

ज्याला अजून कोणी काही विचारलं नाही, त्यानं उत्तर का द्यावं? कौतिकला कळायचं ते कळलं. तो आधी आपल्या घरी गेला. नात अंगणात खेळत होती. त्यानं तिला मांडीवर घेतलं आणि वाळा काढला. सून मथुरा दारात येऊन उभी राहिली.

"कुठून आला हा, मथुरे? आता माहेरचं नाव घेऊ नकोस."

मथुरा रडू लागली. "सगळ्यांनीच घेतलं, मामाजी. सगळं गाव काठावर होतं. तुम्ही तेवढे बांधावर होता, आणि चिंधामाय गावाबाहेर. बाकीची चांदी वाळूत सुटी सापडली, पण ही एक बाई झाडाला अडकून आली होती, पोर पाठीला बांधलेलं. आधी वाटलं जिती आहे. मग बघितलं तर..." ती थांबली. "मग वेळूच्या काठीनं ढकलून दिली परत पाण्यात. खालच्या करंजाच्या झाडांकडं."

"कापलं कोणी?"

"खाली बघत होते मी. सगळेच खाली बघत होते."

कौतिकनं वाळा पारावर नेऊन ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. मग घरोघर फिरून हाक दिली. ज्याच्या घरात नदीचं काही असेल त्यानं आणून ठेवावं. दारं लागली. कोणी म्हणालं, आमच्याकडं काही नाही. कोणी म्हणालं, शेजाऱ्याकडं बघ. त्या दिवशी गावात प्रत्येकाला दुसऱ्याच्या घराचा संशय होता.

आणि मग, असं म्हणतात, विहिरींनी साक्ष दिली. सकाळी एका बाईनं पोहरा सोडला, तो पाण्याला लागला, आणि वर येताना त्यातून पैंजणांचा आवाज आला. छुम, छुम, कोणीतरी दमून चालत येतंय तसा. पोहऱ्यात पाण्याशिवाय काही नव्हतं. दुसऱ्या विहिरीत तसंच. ज्या घरात काही लपवलं होतं, त्या घरचा पोहरा वाजायचा. बाया पाण्याला जाईनात. गेल्याच तर एकमेकींच्या पोहऱ्याकडं कान लावून उभ्या राहायच्या.

मग एकेक जण पाराकडं आला. कोणी कडं ठेवलं, कोणी साखळी, कोणी नुसती चांदीची एक कडी. सगळ्यात शेवटी, भर दुपारी, पारावर एक छिन्नी दिसली. ती कोणी ठेवली हे कोणी पाहिलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. सुपडू पाटील त्यानंतर पारावर कधी बसला नाही, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत तो गाव सोडून गेला.

खालच्या करंजांत कौतिकला त्या मायलेकी सापडल्या. त्यानं त्यांना आपल्या घोंगडीत घेतलं. गावातल्या काही बाया मागं निघाल्या. मथुराही निघाली. छिन्नी कौतिकनं स्वतः घेतली.

पण पाड्यावर पोचला, तर भुरलीच्या दारात चिंधामाय नव्हती.

"कुठं आहे ती?" त्यानं विचारलं.

"गेली," भुरली म्हणाली. "पुरानंतरचा ताप पाड्यात फिरला. तिला धरलं त्यानं. आम्ही तिला आमच्या रीतीनं मातीत ठेवलं, आमच्या माणसांजवळ. आमचं लेणं घालून."

कौतिकच्या डोक्यात जुना जागल्या जागा झाला. ताप? की मला यायला उशीर झाला म्हणून मारलं? कोयते त्याला आठवत होते. तो झोपडीत शिरला. पाटी धुऊन भिंतीला टांगलेली होती. लुगडं घडी घालून ठेवलं होतं. हे सगळं कोणीही करून दाखवील, असं त्याला वाटलं. तो बाहेर आला, आणि भुरलीला जाब विचारायला त्यानं तोंड उघडलं.

तेव्हा त्याची नजर तिच्या मानेवर गेली.

भुरलीच्या गळ्यात सरी नव्हती. लग्नात घातलेली, मरेपर्यंत न निघणारी सरी. तिच्या जागी मानेभोवती फिक्या कातडीचा पट्टा होता, मागच्या बाजूला जास्त खोल, ओझ्याच्या दोरानं घासलेला. आणि कानाखाली छिन्नी निसटल्याची एक ताजी जखम होती.

अशी खूण कशी वाचायची, हे त्याला चिंधामायनंच शिकवलं होतं. भुरलीनं आपल्या जित्या गळ्यातली सरी कापून घेतली होती. ज्या बाईच्या अंगावर जन्मभर गुंजभर चांदी नव्हती, तिच्या गळ्यात ती घातली होती.

कौतिकनं जाब विचारला नाही. त्यानं घोंगडी तिच्यापुढं ठेवली, त्यावर दुसरा वाळा ठेवला, आणि शेजारी छिन्नी. म्हणाला, "हात मला सापडला नाही, आई. सगळ्या गावाचा होता. हे आणलंय, आणि या बाया आल्यात. काय ते तुम्ही सांगा."

बोंदरनं छिन्नी उचलली. मग ती त्यानं नदीच्या डोहात फेकली आणि म्हणाला, "आधी मातीचं बघू." वरच्या आणि खालच्या बायांनी मिळून खड्डा खणला. मायलेकींना चिंधामायच्या शेजारी ठेवलं.

आता तो पाडा मोठा झालाय, आणि पिंपरवाळूही. चिंधामाय कोणाची यावरून अजून वाद होतो. पिंपरवाळूचे म्हणतात, आमची झारेकरीण. पाड्यावरचे म्हणतात, उद्या कोणी तिची माती उकरून बघितली, तर तिच्या गळ्यातलं बघून ती कुठली म्हणून सांगेल? दोघंही तिचंच नाव घेतात.

अजून आंबणीला पहिला पूर आला, की पिंपरवाळूत कोणी लाकडासाठी किंवा वाहत आलेल्या कशासाठीही पाण्यात पाय घालत नाही. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई काठावर उभी राहते आणि डोंगराकडं तोंड करून हाक मारते, "चिंधामायची आण आहे! कोणाचं काही गेलं का?"

मग सगळं गाव गप्प उभं राहतं. पाण्याच्या आवाजातून वरून उत्तर येतं. काही जण म्हणतात, तो डोंगराचा पडसाद आहे. असेलही. पण आवाज बाईचा असतो, असं म्हणतात, आणि तो आल्याशिवाय नदीकाठचं कोणी हलत नाही.